गच्चीवरची सावली

प्रश्न : नातू नऊ वर्षांचा, नात सहाची. मे महिन्यात दोघं पुण्याला आमच्याकडे येतात. आम्हा आजी-आजोबांनाही सोबत करता येईल असं काही शिकण्याजोगं सुचवाल का? – एक आजी, पुणे

उत्तर : आजी, गच्ची असेल तर सावली मोजा. मी भूगोल शिकवायचे. पण माझ्या लेकीला सूर्याची चाल समजली ती पुस्तकातून नाही, पोह्यांच्या उभट डब्यामुळे!

सपाट जागी असा डबा ठेवा. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला नातीनं खडूनं खूण करायची, नातवानं सेंटिमीटर मोजून वहीत लिहायचे. घड्याळ आजोबांकडे. सर्वांत आखूड सावली बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास मिळेल. नातू 'असं का?' विचारेलच. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर चालतं आणि पुणे त्याच्या पश्चिमेला, जवळजवळ 74 अंशांवर. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. पुढचा गुणाकार त्यालाच करू द्या, उत्तर सांगू नका.

13-14 मेच्या सुमारास पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि डब्याची सावली नाहीशी होते. त्याआधी दुपारची सावली उत्तरेला पडते, नंतर दक्षिणेला. म्हणून मुलांना आठ तारखेपर्यंत बोलावून घ्या. जुलैअखेर हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात.

पायात चपला हव्यात, आणि सूर्याकडे कुणीही बघायचं नाही.