न्यूरोफीडबॅकचं पॅकेज घेण्याआधी

ताई, चौथीतल्या मुलाचं लक्ष लागत नाही आणि ठाण्याच्या एका सेंटरने न्यूरोफीडबॅकची 40 सत्रं सांगितली आहेत, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, काढायचं काम करतो. माझं मत स्पष्ट आहे: पैसे आत्ता भरू नका.

न्यूरोफीडबॅकची कल्पना अशी की डोक्याला इलेक्ट्रोड लावून लहरी मोजायच्या. थीटा ही संथ लहर कमी आणि बीटा ही वेगवान लहर जास्त झाली की पडद्यावरचं विमान पुढे जातं, आणि मेंदू ती अवस्था पुन्हा आणायला शिकतो. पण टाळूवर मिळणारा संकेत काही मायक्रोव्होल्टचा असतो. पापणी लवली तरी त्याहून मोठी लाट येते. दात आवळले किंवा कपाळाला आठ्या पाडल्या की स्नायूंची वीज बीटाच्या पट्ट्यातच मिसळते. म्हणून डेमोच्या वेळी कच्च्या लहरी दाखवायला सांगा आणि मुलाला मुद्दाम दात आवळायला लावा. विमान पुढे गेलं, तर तिथे जबड्याचा सराव चाललाय.

2021 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या 7 ते 10 वर्षांच्या मुलांना 38 सत्रं दिली. काहींना स्वतःच्या लहरींवरून फीडबॅक मिळाला, काहींना आधीच रेकॉर्ड केलेल्या दुसऱ्याच्या लहरींवरून. कुणाला काय मिळतंय हे मुलांना वा पालकांना माहीत नव्हतं. दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच. त्यामुळे शेजारच्या एखाद्या मुलाला फरक पडला असं कुणी सांगितलं, तर ते खरंच असेल. नेमाने जाणं, स्थिर बसणं, कुणीतरी शाबासकी देणं, यानेही मुलं सावरतात.

मेंदूत चिप बसवलेला रुग्ण विचारांनी कर्सर हलवतो, ते वेगळं. तिथे हालचालीचा इरादा वाचतात, एकाग्रता वाढवत नाहीत.

आधी डोळे आणि कान तपासा, झोप पुरते का बघा. मग मुंबईतल्या केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवा. एडीएचडी निघालाच, तर औषधं आणि पालकांसाठीचं वर्तन-प्रशिक्षण यांना पुराव्यांचा भक्कम आधार आहे.

आणि एक, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो बोलता बोलता काही सेकंद एकटक बघत राहतो का, हाक मारली तरी ऐकत नाही आणि मग काही झालंच नाही असा पुढे सुरू होतो का? ॲब्सेन्स प्रकारची फिट अशीच दिसते, आणि शाळेत तिला ‘लक्ष नाही’ म्हणतात. तसं असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि थेट न्यूरोलॉजिस्टकडे जा.