ऑक्सिजन नसलेल्या समुद्रतळावरील एकपेशीय जीव खरोखर जिवंत असतात का?

ज्या गाळात ऑक्सिजन जवळजवळ नसतो तिथे सापडणारे फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवच असलेले एकपेशीय जीव, तिथेच जगतात, की वरून वाहत आलेल्या मृत पेशी जिवंत समजून मोजल्या जातात, असे आपण विचारले आहे. यातला दुसरा तर्क एका परिसंवादात माझ्या सादरीकरणावर एका ज्येष्ठ अभ्यासकांनी मांडला होता. तो चूक आहे, हे मी तेव्हाही सांगितले होते आणि आजही तितक्याच ठामपणे सांगते.

माझे नमुने अरबी समुद्रातील ऑक्सिजन-न्यूनतम स्तरातले, म्हणजे साधारण १५० ते १२०० मीटर खोलीच्या पट्ट्यातले होते, आणि गणना रोझ बंगाल या गुलाबी रंगद्रव्याने रंगलेली कवचे जिवंत धरून केलेली होती. हे रंगद्रव्य प्रथिनांना चिकटते, ऑक्सिजनविरहित गाळात मृत पेशीतील जीवद्रव्य दीर्घकाळ कुजत नाही, म्हणून तुमची गुलाबी कवचे म्हणजे प्रेतांची मोजदाद, असे ते म्हणाले. आक्षेपाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. परंतु रंगाविषयीच्या शंकेवरून त्यांनी थेट 'इथे कोणी जगूच शकत नाही' असा निष्कर्ष काढला, आणि सभागृहाने तो मुकाट्याने मान्य केला, याचे मला फार वाईट वाटले.

पुढच्या मोहिमेत कोअर, म्हणजे तळातून नळीने काढलेला गाळाचा स्तंभ, वर येताच, नमुना टिकवणारे पण पेशी मारणारे फॉर्मालिन घालण्यापूर्वी, गाळाचा एक भाग मी थंड ठेवून सेलट्रॅकर ग्रीन या द्रव्यात ठेवला. पेशीतील विकरे कार्यरत असतील तरच ते चमकते. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली बोलिविना या फोरॅमिनिफेरा वंशाची कित्येक कवचे शेवटच्या कप्प्यापर्यंत हिरवी उजळली. रोझ बंगालने रंगलेल्यांपेक्षा ती कमी भरली, पण जी भरली ती जिवंत होती, आणि मला तेवढेच सिद्ध करायचे होते. छायाचित्रे त्या अभ्यासकांना पाठवली. उत्तर आले नाही.

हे जीव श्वसन कशाच्या आधारे करतात, याचे एक भक्कम उत्तर २००६ मध्ये मिळाले. स्वीडनमधील गुलमार फियॉर्डमधील ग्लोबोबुलिमिना स्यूडोस्पिनेसेन्स ही प्रजाती पेशीत नायट्रेट साठवते, त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करते आणि त्यावर श्वसन चालवते, असे तेव्हा दाखवले गेले. पाण्यात ऑक्सिजन नसतानाही वापरता येईल असा इलेक्ट्रॉन-ग्राहक, म्हणजे श्वसनात ऑक्सिजनची जागा घेणारा पदार्थ, ती आधीच जवळ बाळगून असते. त्यानंतर इतर अनेक प्रजातींतही असा साठा आढळला. नोनिओनेला स्टेला ही प्रजाती तर शैवालांची हरितलवके आपल्या पेशीत ठेवते. अंधाऱ्या तळाशी त्यांचा उपयोग काय, हा स्वतंत्र विषय आहे.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. सर्वच प्रजाती असे करत नाहीत. अमोनिया वंशातील काही फोरॅमिनिफेरा ऑक्सिजन संपल्यावर चयापचय अत्यंत मंद करून सुप्तावस्थेत जातात, आणि गाळात हायड्रोजन सल्फाइड वाढले तर अनेकांचा टिकाव लागत नाही. त्यामुळे एका प्रजातीचे निष्कर्ष दुसरीवर लादू नयेत.

आपण स्वतः या क्षेत्रात काम करणार असाल, तर केवळ रोझ बंगालवर बेतलेली ऑक्सिजनविरहित गाळातील गणना स्वीकारू नका, मग ती कितीही प्रतिष्ठित व्यक्तीची असो. आणि त्याच रंगाच्या दोषावरून कोणी मृत्यू सिद्ध झाल्याचे सांगू लागले, तर त्याच्याकडे पेशीतील नायट्रेटची मोजमापे मागा. जिवंतपणाची चाचणी जहाजावरच उरका, कारण फॉर्मालिनमध्ये गेलेल्या नमुन्यावर ती नंतर करता येत नाही.