म्युनिकहून नॉइश्वानस्टाइन कॅसल बघायला अख्खा दिवस घालवावा का?

म्युनिकला दोनच दिवस असतील तर सोडा, चार-पाच असतील तर बिनधास्त जा. फक्त आपल्या गडकिल्ल्यांचं चित्र डोक्यात घेऊन जाऊ नका, हा लढाईचा किल्ला नाहीच, बव्हेरियाचा (म्युनिक ज्यात आहे तो जर्मनीचा भाग) राजा लुडविग दुसरा याने 1869 मध्ये हौसेखातर बांधायला घेतलेला महाल आहे आणि 1886 मध्ये राजा वारला तेव्हाही काम अर्धवटच होतं. सिंहासनाच्या दालनात नुसता सोनेरी झगमगाट, पण सिंहासनच नाही! आतली टूर जेमतेम अर्ध्या तासाची, फोटो काढू देत नाहीत, आणि त्यासाठी कॅसलजवळच्या फ्युसेन गावापर्यंत दोन तास ट्रेन, मग बस, मग अर्धा-पाऊण तास चढ, म्हणजे दिवस गेलाच म्हणून समजा.

खरी मजा मारियनब्रुक पुलावर. पायाखाली फळ्या, खाली खोल घळ, धबधबा आणि समोर तो पांढरा कॅसल, मला तर आतल्यापेक्षा तेच आवडलं. बर्फ असला की पूल बंद ठेवतात, ते आधी चेक करा. कॅसलचं तिकीट ऑनलाइनच काढा, टूरची वेळ चुकली की गेली. बायर्न तिकीट (बव्हेरियातल्या लोकल-रिजनल ट्रेनचा दिवसभराचा पास) वीकडेला सकाळी 9 नंतरच चालतं, तेव्हा टूर दुपारचीच घ्या.