शनिवारची सकाळ, नवा फ्रॉक आणि ‘मले नाई यायचं’

‘मावशी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. चौदा महिन्यांपूर्वी अमरावती जिल्ह्यातल्या एका संस्थेतून आम्ही लेक दत्तक घेतली. आता ती सात वर्षांची आहे. आठवडाभर शाळेत अगदी शहाण्यासारखी असते. शनिवार उजाडला की रडारड, आदळआपट. नवा फ्रॉक काढला की “मले नाई यायचं” म्हणत पलंगाखाली जाऊन बसायची, आता तर नुसतीच जाऊन बसते. आठला पोहणं, दहाला मराठी शाळा, दुपारी भरतनाट्यम, संध्याकाळी कुणाकडे तरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून केलेलं जेवण. रविवारी पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. तिचं राहून गेलेलं भरून निघावं म्हणून ही सगळी धडपड. गेल्या महिन्यात मराठी शाळेत बाईंनी “मले नाही, मला म्हण” असं चारदा सांगितलं, मुलं हसली. आम्हीही सुरुवातीला ती टोमॅटोला “भेदरं” म्हणायची तेव्हा हसायचो. आता ती घरात मराठी बोलायचीच थांबली आहे. उशीच्या अभ्र्यात पोळीचे तुकडे सापडतात. नवरा म्हणतो, लाडावलीय. मला शुक्रवारी संध्याकाळीच पोटात गोळा येतो. आमचं काय चुकतंय?’

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या फ्रॉकपाशी अडखळले.

संस्थेतल्या मुलीच्या अंगावर नवा फ्रॉक कधी चढतो? सणावाराला, कुणी मोठे पाहुणे येणार असतील तेव्हा, आणि जायच्या दिवशी. तुम्ही तिला आणायला गेलात त्या सकाळी कुणीतरी तिच्या दोन घट्ट वेण्या घातल्या असतील, पावडर लावली असेल, नवे कपडे घालून गाडीत बसवलं असेल. त्या गाडीतून ती परत आली नाही. मैत्रिणी, झोपायची जागा, ताट घेऊन रांगेत बसायची पडवी, सगळं मागे राहिलं. आता दर शनिवारी आई तिला नवा फ्रॉक घालते, केस विंचरते आणि म्हणते, चल, गाडीत बस. तिच्या मनात नेमकं हेच चाललंय असं मी इतक्या लांबून छातीठोकपणे सांगणार नाही. पण लाडावलेलं पोर काहीतरी मागतं गं. ही काहीच मागत नाहीये. ती फक्त घरातून हलत नाहीये. तुमचं घर तिला सोडवत नाही, एवढंच मला त्यातून दिसतं, आणि त्याचा मला फार आनंद झाला.

म्हणून पुढचा शनिवार जुन्या, धुऊन मऊ झालेल्या कपड्यांत जाऊ दे. कुठे जायचं असेल तर शुक्रवारी रात्रीच सांग: कुणाकडे जायचं, किती वेळ, परत कधी यायचं. परत आल्यावर काय जेवायचं तेही तिलाच ठरवू दे आणि निघण्याआधी तिच्या देखत तांदूळ धुऊन ठेव. आपण परत येणार आहोत हे तिला पातेल्यातल्या तांदळांवरून पटेल, तुझ्या शंभर वचनांनी पटणार नाही.

आता पोहणं, नाच आणि पॉटलक. हे तू मनापासून करतेस, त्याबद्दल तुला कुणी बोल लावू नये. पण संस्थेतला दिवस घंटेवर चालतो. उठायची घंटा, जेवायची घंटा, प्रार्थनेची घंटा. शाळेतही तेच, म्हणून ती तिथे सुरळीत असते. तुमचा शनिवार दर वेळी वेगळा, दर वेळी नवी माणसं, नवी घरं. तिचं राहून गेलेलं सहा वर्षांचं बालपण शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत बसणार नाही, आणि ते बसवायची घाईही नाही. पोहायला आवडत असेल तर तेवढं ठेव, बाकीचं सहा महिने बंद. सकाळी पोहे, मग तिघांनी मिळून कपडे घड्या करायचे, दुपारी झोप, संध्याकाळी त्याच बागेत, त्याच झोपाळ्यावर. तुला कंटाळा येईल इतकं तेच ते. तिला तेच हवंय.

पोळीच्या तुकड्यांवरून मात्र अजिबात रागावू नकोस. जेवण वेळेवर मिळत असलं तरी पुढचं जेवण आपल्या हातात नाही हे ज्या मुलाने अनुभवलंय ते अन्न लपवतं. दत्तक मुलांच्या घरात हे फार वेळा घडतं. तिच्या हाताला लागेल असा एक डबा ठेव. त्यात चिवडा, केळं, दोन पोळ्या. तो कधीही रिकामा राहू द्यायचा नाही आणि तिने कधीही उघडला तरी ‘आत्ताच तर जेवलीस’ म्हणायचं नाही. अभ्रा गुपचूप धुऊन टाक.

आणि ‘मले’. इथे मला जरा सविस्तर बोलू दे, कारण माझं माहेर अकोल्याचं, म्हणजे तिच्याच वऱ्हाडी बोलीचं.

पुण्यात शिकायला आले तेव्हा वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटलं आणि खोलीतल्या मुली लोळून हसल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मी वर्षभरात ती बोली पार पुसून टाकली. पुढे सुट्टीत घरी गेले की आईशीही ‘मला’, ‘तुला’ बोलायचे. आई काही म्हणाली नाही, फक्त माझ्याशी जपून बोलायला लागली. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. ते जपून बोलणं मला अजून ऐकू येतं.

तुझ्या लेकीकडे तर आईही नव्हती. कपडे संस्थेचे, खेळणी सगळ्यांची. तिचं स्वतःचं म्हणून जे काही विमानात तुमच्याबरोबर आलं ते एवढंच: मले, तुले, कायले, भेदरं. भारतातून इटली, स्पेन, अमेरिकेत दत्तक जाणाऱ्या कितीतरी मुलांची बोली काही महिन्यांत सुटते, कारण घरात ती बोलणारं कुणी नसतं. तुमच्या घरात मराठी आहे. हे तिचं भाग्य आहे, ते आपल्या हाताने घालवू नका.

मराठी शाळेच्या बाईंशी शांतपणे बोल. त्यांना सांग, लेकीच्या अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूर आहे, जिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिलं. मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात तो हा. म्हणून तर मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला झालं. गाडगेबाबांनी अवघा महाराष्ट्र हलवला तो वऱ्हाडी बोलूनच. लिहिताना ‘मला’ लिहायचं हे ती शिकेल, पण बोलताना तिला कुणी थांबवू नये. बाईंना हे पटलं तर शाळा चालू ठेव. नाही पटलं तर शाळा सोडून दे, मराठी सोडू नकोस. आणि घरात उद्यापासून टोमॅटोला तुम्ही दोघंही भेदरं म्हणा. गंमत म्हणून नव्हे, भाजीचं नाव म्हणून.

पॉटलकला बायका ‘खरी आई कोण?’ वगैरे विचारत असतीलच. त्यांना एकच वाक्य सांगायचं: ‘तिची गोष्ट तिची आहे, सांगायची तर ती सांगेल.’ संस्थेने दिलेले कागद, तिचे अहवाल, फोटो नीट फायलीत ठेव, पण कुणालाही दाखवू नकोस. आपल्या मुळाचा शोध घ्यायचा हक्क तिला नियमानेच आहे. अठरा पूर्ण व्हायच्या आत घ्यायचा असेल तर तुमच्यासोबत अर्ज करावा लागेल, नंतर ती स्वतः करू शकेल. त्या दिवशी ती फाईल तिच्या हातात पडायला हवी, आणि त्यातलं काहीही तिने आधी परक्याच्या तोंडून ऐकलेलं नसावं.

सासूबाईंना दहा मिनिटं पुरे. लेकीला कॅमेऱ्यासमोर उभं करून नमस्कार करायला लावू नका. फोन टेबलावर उभा करून आज्जींनी एखादी गोष्ट सांगावी; ऐकायची असेल तर पोर येता-जाता ऐकेल.

तुमचं दुसरं वर्ष चालू आहे, म्हणजे दत्तकानंतर मूल कसं रुळतंय याचा, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी होणारा अहवाल आता सहा महिन्यांनी होत असेल. भेटीला येणाऱ्या समाजसेविकेपासून हे शनिवार लपवू नकोस. पलंगाखालचं, उशीतलं, सगळं सांग. त्या मदतीसाठीच असतात. आणि त्यांच्याशी बोलताना नवऱ्यालाही शेजारी बसव. ‘लाडावलीय’ हे त्याच्या काळजीतून आलेलं असणार, त्याला दुसरा शब्द सापडलेला नाही.

एका रविवारी रोडगे करून बघ. कणीक जाडसर घे, घट्ट मळ. तिकडे गोवऱ्यांचा जाळ मिळायचा नाही, ओव्हनमध्ये भाजलेस तरी चालतील. तूप भरपूर, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. त्यात भेदरं घालायचं का, ते तिला विचार.

तुझी,
मावशी