‘इफ’ने वाक्य सुरू केलं की पुढचं सुचत नाही

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कंडिशनल सेंटेन्सचे, म्हणजे “जर-तर”च्या वाक्यांचे, सगळे प्रकार मला पाठ आहेत, गाळलेल्या जागाही बरोबर भरते. पण मॉक इंटरव्ह्यूमध्ये विचारलं, “व्हॉट वुड यू डू इफ अ टीममेट मिस्ड अ डेडलाइन?” आणि मी म्हणाले, “इफ ही विल मिस द डेडलाइन, आय विल टॉक टू हिम.” चूक लगेच कळली आणि पुढे बोलताच येईना. ग्रामरचा क्लास लावू का?

उत्तर : तुझं व्याकरण कच्चं नाही. गाळलेल्या जागांच्या प्रश्नात अर्धं वाक्य छापलेलं असतं, बऱ्याचदा वर प्रकाराचं नावही असतं. तू फक्त क्रियापदाचं रूप बसवतेस. मुलाखतीत मात्र कुठला प्रकार वापरायचा हे तुलाच ठरवावं लागतं, तेही बोलता बोलता. हे ठरवण्याचा सराव तू अजून केलेलाच नाहीस.

त्या प्रश्नाकडे पुन्हा बघ. “वुड” आणि “मिस्ड” हे दोन्ही शब्द विचारणाऱ्याने तुझ्या हातात दिले होते. “मिस्ड” भूतकाळी दिसतं, पण घडलेलं काहीच नाही, नुसती कल्पना करायची आहे. अशा वेळी “इफ” पुन्हा म्हणायची गरजच नसते. सरळ सुरू कर : “आय वुड फर्स्ट आस्क हिम व्हॉट वेंट राँग.” पुढच्या वाक्यांतही “वुड” सोडू नकोस : “देन आय वुड इन्फॉर्म द मॅनेजर.”

आपण मराठी माणसं हमखास दोन ठिकाणी अडखळतो. “तू आलास तर मी जाईन” यात “आलास” हे रूप भूतकाळाचं, पण गोष्ट पुढची. म्हणून कुणी “इफ यू केम, आय विल गो” म्हणतं, तर कुणी तुझ्यासारखं दोन्हीकडे “विल” लावतं. इंग्रजीत इथे “इफ”च्या बाजूला साधा वर्तमानकाळ येतो आणि “विल” दुसऱ्या बाजूला : “इफ यू कम, आय विल गो.”

दुसरी जागा जास्त फसवी आहे. “मला माहीत असतं तर सांगितलं असतं” हे वाक्य आपण आजच्या गोष्टीलाही वापरतो आणि कालच्याही. इंग्रजीत त्याची दोन वाक्यं होतात. आत्ता माहीत नाही, म्हणून सांगत नाही : “इफ आय न्यू, आय वुड टेल यू.” काल माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही : “इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.” तेव्हा तोंड उघडण्याआधी मनाशी एवढंच विचार : हे होऊ शकतं, नुसती कल्पना आहे, की वेळ निघून गेली?

सराव याच प्रश्नाचा कर. रोज स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट घे आणि तीच तिन्ही बाजूंनी मोठ्याने बोल. मुलाखत पुढे असेल तर “इफ आय गेट द जॉब, आय विल मूव्ह.” नोकरी नाही, पण कल्पना करतेस तर “इफ आय हॅड द जॉब, आय वुड मूव्ह.” निकाल लागून गेला आणि नोकरी हुकली तर “इफ आय हॅड गॉट द जॉब, आय वुड हॅव मूव्ह्ड.” आधी लिहून काढू नकोस. फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐकताना फक्त “इफ”च्या बाजूला “विल” किंवा “वुड” घुसलंय का ते बघ.

ऐकण्यातही एक अडचण आहे. बोलताना “आय हॅड” आणि “आय वुड” दोन्हींचं “आय्ड” होतं. “इफ आय्ड नोन, आय्ड हॅव टोल्ड यू” यातलं पहिलं “हॅड” आणि दुसरं “वुड”. हे कानाला कळायला लागलं की असं वाक्य जिभेवरही लवकर बसतं.

“अनलेस” म्हणजे “इफ नॉट”, त्यात नकार आधीच असतो, त्याला आणखी “डोंट” जोडू नकोस. झिरो कंडिशनल, म्हणजे नेहमीच खरी असणारी “जर-तर”ची गोष्ट, तुला येतंच, त्यावर वेळ घालवू नकोस.

पुढे आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणार असशील तर स्पीकिंगची चाचणी ११ ते १४ मिनिटांची असते. तिच्या ४ समान वजनाच्या निकषांपैकी एक व्याकरणाचा आहे आणि त्यात अचूकतेबरोबर वाक्यरचनांची विविधताही बघतात. त्यामुळे ही वाक्यं टाळून साधंच बोलायचं, असं तिथे करू नकोस.

क्लास आत्ता लावू नकोस. महिनाभर असं बोलून बघ. तरीही अडखळलीस तर बोलायला लावणारा, जागच्या जागी चूक दाखवणारा कुणीतरी शोध. ग्रामरच्या क्लासपेक्षा तुला त्याचा उपयोग जास्त होईल.