वासोट्याचा बेत परतीच्या बोटीपासून आखा

प्रश्न : आम्ही साताऱ्याचे सात जण डिसेंबरात वासोट्याला जाणार आहोत. सोबत बारा वर्षांचा मुलगा आहे. गडावर मुक्काम करता येईल का? जवळचं नागेश्वराचं गुहामंदिरही त्याच दिवशी होईल का?

उत्तर : मुक्काम नाही. गड कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे, त्यामुळे संध्याकाळच्या आत जंगलाबाहेर यावंच लागतं. राहायची हौस असेल तर आदल्या रात्री बामणोलीत जलाशयाकाठी राहा.

साताऱ्याहूनच जाणार असाल तर पहाटे साडेपाचला निघा. कासमार्गे बामणोलीला दीड तास धरा. तिथे वनखात्याची परवानगी आणि बोट ही दोन कामं असतात. ओळखपत्र प्रत्येकाकडे हवं. भाडं माणशी नसतं, बोटीमागे असतं; सातही जण एकाच बोटीत बसतील ना, हे आधी विचारा. शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, ओलांडून गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला पोचायला तास-सव्वा तास लागतो. उतरण्याआधी परतीची वेळ नावाड्याशी पक्की करा, कारण वर फोनचा भरवसा नाही. किनाऱ्यावर सामान तपासतात, तेव्हा प्लास्टिक कमीत कमी न्या आणि नेलेलं सगळं परत आणा.

सुरुवातीला ओढा आणि मारुती लागतो. पुढे वाटेत पाणी मिळेल असं धरून चालू नका, माणशी तीन लिटर घ्या. बहुतेकांची फसगत इथेच होते. गर्द झाडीत ऊन लागत नाही, तहान कळत नाही, पाणी पिणं राहून जातं. मग शेवटच्या उघड्या, खड्या चढावर पोटऱ्यांत गोळे येतात. दर अर्ध्या तासाला चार घोट आणि दुपारी मीठ-साखर-लिंबू. मुलाबरोबर चढायला अडीच तास, उतरायला दोन तास. उतारावर सुकल्या पाचोळ्याखाली सुटे दगड असतात, म्हणून खोल नक्षीच्या तळव्याचेच बूट घाला.

वर महादेवाचं मंदिर, पाण्याचं टाकं, वाड्याची जोती आहेत. बाबूकडा चुकवू नका, इतका रौद्र कडा आपल्या जिल्ह्यात क्वचितच दिसेल. तिथे मुलाचा हात सोडू नका. कड्यांवर आग्यामोहोळं असतात, म्हणून धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको.

नागेश्वर मात्र या खेपेला सोडा. किमान तीन तास वाढतात, आणि दमलेल्या मुलाला घाईने उतरवणं धोक्याचं आहे.

प्रश्न : मुलांच्या मे महिन्याच्या सुटीत गेलो तर?

उत्तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ चांगला. उन्हाळ्यात जलाशय आटतो, बोट लांबच थांबते आणि तापलेल्या, भेगाळलेल्या गाळातून पायपीट वाढते. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं. ऑक्टोबरात ते उघडतं तेव्हा जंगलात जळवा असतात. पायमोज्यांत विजार खोचा, जवळ तंबाखू किंवा मीठ ठेवा.