वाचक विचारतात : हिवाळ्यातलं ब्रिटन, दोघांसाठी

प्रश्न : 18 डिसेंबरपासून 12 दिवस आम्ही दोघं (वय 61 आणि 58) लंडन आणि एडिंबरोला आहोत. मुलाने आखलेल्या बेतात स्टोनहेंज (प्राचीन उभ्या दगडांचं वर्तुळ) आणि बाथ (गरम झऱ्याचं गाव) एकाच दिवशी आहे. एवढ्या थंडीत झेपेल का? (नाशिक)

उत्तर : थंडी झेपेल, उजेड पुरणार नाही. त्या दिवसांत लंडनला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. एडिंबरोला तर जेमतेम सात तासांचा दिवस. स्टोनहेंज हिवाळ्यात पाचला बंद होतं, पण शेवटचा प्रवेश तीनला. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून सॉल्सबरी दीड तास, तिथून बस अर्धा तास, तिकीटघरापासून दगडांपर्यंत पुन्हा शटल बस. दहाची गाडी धरली तर दगडांपाशी पोचेपर्यंत साडेबारा होतात. तिथला वारा मोकळ्या माळावरचा आहे, दीड तासात पुरे होतं. परतताना सॉल्सबरीचं कॅथीड्रल पाहा. 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, उरलेल्या चार प्रतींपैकी एक तिथे आहे. बाथला वेगळा दिवस द्या. तिथल्या झऱ्याचं पाणी 46 अंशांचं, आणि त्यावरची वाफ थंडीतच डोळ्यांत भरते.

एकूण हिशेब असा : दहा ते तीन उघड्यावर, त्यानंतर छपराखाली. लंडनमध्ये शुक्रवारची संध्याकाळ नॅशनल गॅलरी किंवा ब्रिटिश म्युझियमसाठी ठेवा. दोन्ही त्या दिवशी उशिरापर्यंत उघडी असतात आणि कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही.

प्रश्न : रेल्वेची तिकिटं फार महाग दिसतात. पास घ्यावा का? आणि नाताळात गाड्या असतात का? (डोंबिवली)

उत्तर : जोडप्यासाठी बहुतेक वेळा पासपेक्षा ‘टू टुगेदर रेलकार्ड’ फायद्याचं. 35 पौंड, वर्षभराची मुदत, दोघांच्याही तिकिटावर एक तृतीयांश सूट. परदेशी पाहुण्यांनाही मिळतं, दोघांचे फोटो मात्र लागतात. अटी दोन. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतरच चालतं, आणि कार्डावरची दोन्ही माणसं एकत्र प्रवास करत असली पाहिजेत. एकजण हॉटेलवर झोपून राहिला तर दुसऱ्याला सूट नाही, आणि तसंच गेलात तर दंड. त्यातही ‘ॲडव्हान्स’ तिकिटं साधारण 12 आठवडे आधी सुटतात. ती ठरलेल्या गाडीलाच चालतात, म्हणून विमान उतरल्याच्या दिवशीची घेऊ नका.

लंडन ते एडिंबरो साधारण साडेचार तास. दहाच्या आसपासची गाडी घ्या आणि उजव्या हाताच्या खिडक्या मागा. न्यूकासलनंतर समुद्र त्या बाजूला लागतो आणि तो टप्पा दुपारी एक-दीडला, म्हणजे उजेडात येतो. तीनची गाडी घेतलीत तर खिडकीत फक्त स्वतःचंच प्रतिबिंब दिसेल.

25 डिसेंबरला रेल्वे नाही, लंडनमध्ये भुयारी रेल्वे आणि बसही नाही. 24 ला संध्याकाळच्या गाड्या लवकर आटोपतात, 26 ला फार थोड्या धावतात, आणि रुळांची मोठी कामं नेमकी त्याच आठवड्यात काढतात. तेव्हा हे तीन दिवस एकाच गावात मुक्काम करा आणि दूध, ब्रेड, फळं 24 च्या दुपारपर्यंत आणून ठेवा. स्कॉटलंडमध्ये 2 जानेवारीलाही सुट्टी असते, हे अनेकजण विसरतात.

प्रश्न : जानेवारीत स्कॉटिश हायलँड्समध्ये गाडी भाड्याने घेऊन फिरायचं आहे. भारतीय लायसन्स चालेल ना? बर्फाची भीती वाटते. (पुणे)

उत्तर : लायसन्स 12 महिने चालतं, गाडी डावीकडूनच चालवायची. पांढऱ्या बर्फापेक्षा भीती न दिसणाऱ्या बर्फाची बाळगा. रस्त्यावरच्या ओलीचा पातळ, पारदर्शक थर गोठतो आणि तो नुसता ओला डांबरी रस्ता वाटतो. हवा 2-3 अंशांवर असतानाही रस्त्याचा पृष्ठभाग शून्याखाली असू शकतो. पूल आधी गोठतात, कारण थंड हवा त्यांना खालूनही लागते. डोंगराच्या सावलीतली वळणं दुपारीही निसरडी राहतात, कारण सूर्य तेवढा वर येतच नाही. अशा रस्त्यावर गाडी थांबायला दहापट अंतर लागू शकतं. ब्रेक जोरात दाबू नका. वरचा गिअर, हलका पाय.

सकाळी काचेवर गरम पाणी ओतलंत तर काच तडकेल. खरवडणी वापरा. वायपर काचेला चिकटून गोठलेले असतात, तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी त्यांचं बटण बंद असल्याची खात्री करा, नाहीतर रबर फाटतं. आतल्या वाफेसाठी गरम हवेबरोबर एसीही लावा, तो हवेतली ओल काढतो. रस्त्यावर टाकलेलं मीठ काचेवर सतत उडतं, म्हणून वॉशरचं पाणी भराभर संपतं. साधं पाणी भरू नका, नळीत गोठतं. न गोठणारा द्रव पेट्रोल पंपावर मिळतो. आणि गॉगल घ्या! दुपारी दक्षिणेकडे जाताना सूर्य थेट डोळ्यांत येतो.

एवढं करायचं नसेल तर फोर्ट विल्यम ते मॅलेग रेल्वेने जा. पर्यटकांची वाफेची गाडी हिवाळ्यात बंद असते, पण साधी गाडी ग्लेनफिनानच्या त्याच 21 कमानींच्या पुलावरून जाते, तीही स्वस्तात. गाड्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवा.

प्रश्न : हिवाळ्यातच दिसतं, उन्हाळ्यात नाही, असं काही? (सांगली)

उत्तर : नोव्हेंबरात गेलात तर लिंकनशरच्या डोना नूक किनाऱ्यावर करड्या सीलमाद्या पिल्लं घालतात. कुंपणाबाहेरून पांढरीशुभ्र पिल्लं अगदी जवळून दिसतात. सॉमरसेटच्या पाणथळीत ग्लास्टनबरीजवळ नोव्हेंबर ते जानेवारी स्टार्लिंगचे थवे उतरतात. हे आपल्या भोरड्यांचे चुलतभाऊ. ज्वारीच्या शेतावरून संध्याकाळी वळणारे भोरड्यांचे थवे ज्यांनी पाहिलेत, त्यांना कल्पना येईल; इथे पक्षी लाखोंनी असतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. झोपायची जागा ते बदलतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. परतीची वाट चिखलाची आणि अंधारी, हाती टॉर्च हवा.

प्रश्न : कपडे किती? (बेळगाव)

उत्तर : एक जाड कोट नव्हे, तीन पातळ थर : अंगालगत थर्मल, वर फ्लीस किंवा लोकर, बाहेरून वारा-पाऊस अडवणारं टोपीचं जॅकेट. दुकानं आणि गाड्या चांगल्याच तापवलेल्या असतात, थर काढता आले पाहिजेत. सुती बनियन घामाने भिजतो आणि वाळत नाही, तिथेच हुडहुडी भरते. छत्री वाऱ्यात उलटते, ती घरीच ठेवा.